‘विषयांक ही संपादकाची सोय’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आमच्या नियतकालिकाच्या ‘माप’ विषयांकावरची, म्हणजे त्या एकाच विषयावर काढलेल्या अंकावरची, तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की अंक दोन महिने उशिरा आला, पान २३ वर चित्रकर्तीचं नाव चुकलं, तीच पाच-सहा नावं प्रत्येक अंकात दिसतात आणि लिहिणाऱ्यांना मानधन मिळत नाही. आणि मग शेवटचं वाक्य : ‘विषयांक ही संपादकाची सोय असते, एकदा विषय दिला की डोकं चालवावं लागत नाही.’

नावाची चूक मान्य. ‘व’चा ‘ब’ झाला आणि तो माझ्याच नजरेतून सुटला. चित्रकर्तीला फोन करून माफी मागितली आहे, पुढच्या अंकात दुरुस्ती छापतेय. चूक दाखवून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार.

पण ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. टीका मला नवी नाही, याहून कडक पत्रं आली आहेत आणि मी ती जपून ठेवली आहेत. मात्र त्या पत्रांत अंकाबद्दल राग होता. तुमच्या वाक्यात माणसाबद्दल तुच्छता आहे. ‘डोकं चालवावं लागत नाही’ हे कुणाला उद्देशून म्हणताय, याचा लिहिण्याआधी क्षणभर तरी विचार करायला हवा होता.

विषय ठरवणं म्हणजे काय, ते सांगते. विषय फार मोकळा ठेवला, ‘काळ’, ‘आयुष्य’ असा काही, तर कुणाच्याही वहीतली कुठलीही जुनी कविता त्यात बसते आणि अंकाचं गाठोडं होतं. फार आवळला तर सगळे एकच गोष्ट लिहून पाठवतात. ‘माप’ हा शब्द हाती लागायला आम्हाला तीन बैठका लागल्या. त्याआधी ‘आकार’ होता, तो फक्त चित्रकारांना जवळचा वाटला असता. ‘अंतर’ होता, त्यावर विरहाच्या कवितांचा ढीग आला असता. ‘माप’ म्हटल्यावर सुतारानं लिहिलं, तबला शिकवणाऱ्यानं लिहिलं, आणि एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी खाकी कागदाचे बेत, म्हणजे कापड बेतण्यासाठी कापून ठेवलेले कागदी नमुने, पाठवले.

त्या बेतांबद्दल बोलायलाच हवं, कारण तुमच्या प्रतिक्रियेत त्यांचा उल्लेखही नाही. एका मुलीच्या झग्याचा बेत. बाहीच्या कडेला पेन्सिलीनं मारलेल्या चार रेघा, दर वर्षी एक पुढे सरकलेली. चौथ्या रेघेपाशी कागद संपला म्हणून दुसऱ्या कागदाची पट्टी खळीनं डकवलेली. या बाईंनी आयुष्यात कधी स्वतःला कलाकार म्हटलेलं नाही. ‘साहित्य पाठवा’ एवढंच आवाहन केलं असतं, तर त्यांनी ते आपल्यासाठी नाही म्हणून सोडून दिलं असतं. ‘माप’ शब्द वाचला आणि त्यांनी ट्रंक उघडली. विषय असा उपयोगी पडतो. जो माणूस आपणहून कधीच आला नसता, त्याला आत यायला वाट मिळते.

मग तो बेत छापायचा कुठे? आमचा अंक मधोमध दुमडून पिना मारलेला असतो. एक कागद दुमडला की चार पानं होतात, म्हणून पानं चारच्या पटीतच वाढतात. दीड पानाचा लेख वाढला तर उरलेली अडीच पानं कशानं भरायची, हा प्रश्न उभा राहतो. आणि अशा अंकात समोरासमोरची दोन पानं एकसंध कागदावर फक्त मध्यावर मिळतात. बाकी सगळीकडे डावं पान एका कागदाचं आणि उजवं दुसऱ्याचं असतं, तिथे चित्र दोन्ही पानांवर पसरलं की सांध्यात सरकण्याची भीती. ४० पानांच्या अंकात ती जागा म्हणजे पान २० आणि २१. तिथे आधी एक उत्तम दीर्घकविता लावलेली होती. ती हलवली, तिच्यामागची सहा पानं हलवली, आणि एक चांगली कथा केवळ विषयाबाहेरची म्हणून परत पाठवली. तो नकार लिहायला मला एक आख्खी संध्याकाळ लागली. सोय म्हणतात ती ही?

उशिराबद्दलही एक सांगते. फिलिस जॉन्सन यांनी १९६५ साली अमेरिकेत ‘ॲस्पेन’ नावाचं नियतकालिक सुरू केलं. ते खोक्यातून यायचं. आत सुट्या पुस्तिका, ध्वनिमुद्रिका, एकदा तर चित्रपटाचं रीळसुद्धा. पॉप आर्टवरचा, म्हणजे जाहिराती आणि रोजच्या वापरातल्या वस्तूंतून केलेल्या कलेवरचा, तिसरा अंक चित्रकार अँडी वॉरहॉल आणि लेखक डेव्हिड डाल्टन यांनी केला, त्याचं खोकं कपडे धुण्याच्या पावडरीच्या पुड्यासारखं होतं. १९७१ मध्ये बंद पडेपर्यंत गाडी दहाव्या क्रमांकापर्यंतच पोचली. विषय घेऊन काम करायचं तर त्याला लागेल तेवढा वेळ द्यावाच लागतो. आमचे दोन महिने त्यातलेच.

अकरा वर्षं मी हे करतेय. आई दवाखान्यात होती तेव्हा तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मुद्रितं तपासली आहेत, तीही झोपेतून उठून विचारायची, ‘किती पानं राहिली?’ तो अंक वेळेत निघाला होता. नोकरीवरून येऊन रात्री दीडपर्यंत गठ्ठे बांधले आहेत, पत्ते हातानं लिहिले आहेत. तुम्ही कधी एखाद्या अंकाची एक घडी तरी घातली आहे का? घातली असेल तर सांगा, मी माझे शब्द मागे घेईन.

तीच ती नावं दिसतात म्हणता. हाकेला ओ देतात ती माणसं दिसणारच. मानधनाचं म्हणाल तर मी स्वतःही एक पैसा घेत नाही, त्यामुळे त्यावर अधिक बोलण्यासारखं काही नाही.

पुढचा विषय ‘सांधा’ ठरलाय आणि साहित्य यायला लागलंय. आजच्या टपालात एका वाद्य दुरुस्त करणाऱ्याचं आठ पानी पत्र आहे, वहीच्या फाडलेल्या कागदांवर, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. ते वाचायला बसते.