बाटलीवर नाव कुणाचं

दोडामार्गच्या आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर वाद पेटलाय. पुतण्याने लिहिलं, आपला काजूचा बोंडू एकतर गोव्याला जातो, नाहीतर झाडाखाली कुजतो; आपल्याकडेही दारू गाळायचे परवाने द्या, माल परदेशी पाठवू. त्यावर दादा म्हणाला, "बाहेर विकायचं तर एक मोठा कारखाना, एक ब्रँड, एक चव पाहिजे. गावठी भट्टीवाल्याला तिकडे कोण विचारतो?"

दादा, मी राहतो त्या इटलीतल्या जेनोवात विचारतात.

इथल्या वेलियर कंपनीच्या लुका गार्गानोंनी हैतीची क्लेरँ युरोपात आणली. उसाची गावठी रम ती, पाचशेहून जास्त लहान भट्ट्यांवर गाळली जाते. त्यांनी सगळ्यांचा माल एका टाकीत ओतला नाही. साजू, व्हावाल, कासिमीर अशी गाळणाऱ्यांचीच नावं बाटल्यांवर आली. साजूंचा ऊस क्रिस्टलिन जातीचा, व्हावालांचा मादाम म्यूझ. हैतीतल्या बारादेर गावचे कासिमीर आंबवणात गवती चहा, दालचिनी टाकतात. रस आपोआप आंबतो, विकतचं यीस्ट नाही. पाणी घालून ४० टक्के मद्यार्कावर उतरवायची नाही, पन्नाशीच्या आसपासची तशीच बाटलीत. दर खेपेला चव थोडी हलते. तू ज्याला खोट म्हणतोस, तेच इथे कौतुकाने सांगून विकलं जातं.

आणि बोंडूपासून गाळलेली फेणी? २००९ साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या गल्लीतल्या एनोतेकात, म्हणजे दारूच्या दुकानात, मात्र ती मी आजवर पाहिली नाही. मानांकन मिळालं म्हणून बाटली आपोआप फळीवर येत नाही. भट्टीवाल्याचं नाव घेऊन कुणीतरी दारोदार फिरावं लागतं.

ते मीही केलं नाही. आजोळ डिचोलीचं. मे महिन्याच्या सुट्टीत कातळातल्या खड्ड्यात आम्ही पोरं बोंडू तुडवायचो, पाय चिकट व्हायचे आणि सदऱ्याचा वास धुतला तरी जायचा नाही. परवा जेवणानंतर कासिमीरची बाटली उघडली आणि काही क्षण मी आजोबांच्या भट्टीपाशी होतो. मित्रांनी वास घेतला, वाहवा केली. 'आमच्याकडेही असंच गाळतात,' एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. एकोणीस वर्षांत एकदाही नाही. लाज वाटत होती, आणि ती दादाच्याच घरची होती.

एप्रिलमध्ये येतोय. दादा, बोंडूच्या पहिल्या गाळपाच्या हुर्राकची एक बाटली ठेव. आणि कुणाच्या भट्टीची ते कागदावर लिहून बाटलीला चिकटव.