भाग जाता जाईना

इंटरनेट बंद पडलं म्हणून तक्रार केली, तर कंपनीने इंटरनेटऐवजी एक क्रमांक दिला. ७३९३९१३३. "जपून ठेवा," असंही बजावलं. आता तो झोपेतसुद्धा बिनचूक म्हणतो.

दुसऱ्या दिवशी फोन लावला. पलीकडच्या बाईंना ऐटीत सांगितलं, "त्र्याहत्तर, त्र्याण्णव, एक्क्याण्णव, तेहतीस."

"त्र्याऐंशी?"

"नाही हो, सातावर तीन त्र्याहत्तर!"

"बरं, सदतीस."

बाईंचा दोष नाही. आपल्या भाषेत तीन आधी बोलायचा आणि मागून लिहायचा. शेवटी एकेक आकडा सुटा सांगितला, तेव्हा त्यांनी मला होल्डवर टाकलं.

होल्डवर माणसाने करायचं काय? समोर कागद, कागदावर तो आकडा. घेतला भागायला. सम नाही, शेवटी पाच नाही. अंकांची बेरीज ३८, म्हणजे तीनही बाद. सात, अकरा, तेरा यांना एका फटक्यात निकालात काढायची युक्ती मला अजून येते (शाळेतलं एवढंच काय ते टिकलंय). उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने अधिक-उणे करायचं, कारण ७ × ११ × १३ = १००१. १३३ उणे ९३९ अधिक ७३, आले उणे ७३३. तिघांपैकी एकानेही भाग जाईना. सतराने बाकी १३, एकोणिसाने ६.

"सर, आहात ना?"

"आहे. तेविसावर आहे."

"तेवीस? पण तुमचा नंबर तर..."

ही मूळ संख्या असणार, असा संशय येऊ लागला. पण खात्री करायची तर वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. ते वर्गमूळ ८५९८ च्या जरा पुढे, आणि तिथवर मूळ संख्या हजाराहून जास्त. होल्डवर वेळ तेवढा मिळाला असता. फोनचं चार्जिंग पुरलं नसतं.

रात्री गणित शिकवणाऱ्या मेव्हण्याला सहज आकडा सांगितला. तो जवळजवळ किंचाळलाच. "दाजी, नशीब काढलंत! उजवीकडून एकेक आकडा छाटत जा. ७३९३९१३, ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३, ७. सगळ्या मूळ! दशमान पद्धतीत अशा संख्या फक्त ८३, आणि त्यांतली ही सगळ्यात मोठी."

"पुढे आणखी आकडा लावला तर?"

"सम किंवा पाच लावायची सोयच नाही. एक किंवा सात लावा, तीनने भाग जातो. तीन किंवा नऊ लावा, तरी फुटतेच. इथेच थांबते."

माझं इंटरनेटही तिथेच थांबलं होतं, पण त्याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही.

सकाळी पुन्हा फोन. तांत्रिक विभागाच्या गृहस्थांनी क्रमांक वाचून दाखवला, ७३९३९१३. "शेवटचा तीन राहिला," मी म्हणालो. "सिस्टिममध्ये एवढंच दिसतंय." त्यांनी वरच्या साहेबांकडे फोन दिला, तिथे ७३९३९ च पोचला होता. साहेबांनी आणखी कुणाकडे तरी ढकलला. दर वेळी तीच धून, तोच "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे". शेवटी एक तरुण आवाज अवघडून म्हणाला, "सर, माझ्याकडे नुसता सात दिसतोय."

"तोही मूळच आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मूळ तक्रार आहे का सर? मग ती पहिल्या विभागाकडे. होल्डवर राहा."