मायक्रोमीटर कपाटात, सर्टिफिकेट हातात

आज सीएनसी टर्निंगच्या (संगणकावर चालणाऱ्या लेथच्या) जागेसाठी आलेल्या पोराकडे सर्टिफिकेटांची अख्खी फाईल. एकावर क्यूआर कोड, एकावर सोनेरी शिक्का. हातात शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, आणि त्याची जाडी मोजायला मायक्रोमीटर दिला. वाचलं किती? २४.४८ मिमी! अरे बाबा, स्लीव्हवर, म्हणजे स्थिर नळीवर, अर्ध्या मिमीची रेघ उघडी पडलीय, ती कोण मोजणार? २४, त्यात अर्धा, त्यात थिंबलवरचे, म्हणजे फिरत्या टोपीवरचे ०.४८, म्हणजे २४.९८. वर थिंबल असा आवळला की जणू पान्याने नट कसतोय. दाब बेताचा राहावा म्हणून असलेलं रॅचेट काय शोभेला दिलंय? असा माणूस चांगला जॉब (मशीनवरचा तुकडा) रिजेक्शनमध्ये टाकणार, ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) अर्ध्या मिमीने वाढवणार आणि पुढचे सगळे शाफ्ट जाड काढणार. मग बेअरिंग बसवा घणाने.

पोराला काय बोलणार? जिथे शिकला तिथे मायक्रोमीटर काचेच्या कपाटात कुलूपबंद आणि मशीनवर पाटी: हात लावू नये. प्रोग्रामिंग भिंतीवरच्या पडद्यावर. फॅनक कंट्रोलरवर नेहमीच्या सेटिंगला दशांशाचं टिंब विसरलं की एक्स ५० म्हणजे ५० मिमी नव्हे, ०.०५ मिमी, आणि टूल थेट जॉबमध्ये घुसतं, हे पडद्यावर कसं कळणार? अंगठ्याची हजेरी मात्र चोख!

आणि ते रोजगार मेळावे. मांडव, फ्लेक्स, सत्कार, नारळ. येणाऱ्याला मशीन कुठलं येतं हे विचारायला टेबल नाही, सेल्फी पॉइंट आहे. २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तरी काय? बारावीला महिना ६ हजार विद्यावेतन, आयटीआयला ८, पदवीला १०. म्हणजे दोन वर्षं लेथवर उभा राहिलेला टर्नर ८ वर आणि ऑफिसात फायली लावणारा बीए १० वर. वा! मग मुलं ट्रेड कशाला घेतील?

एवढं तणतणतोय, पण आपण कारखानेवाले तरी कोण लागून गेलो? तीस किंवा जास्त माणसं झाली की कायद्याने किमान अडीच टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात, म्हणून घ्यायचे. मग चार महिने चिप्स (धातूचा कीस) भर, कूलंट ओत, चहा सांग. जेमतेम हात बसतो तोवर पोरगं कोल्हापूरच्या गोकुळ शिरगावहून पुण्याजवळच्या चाकणला पळतं, दोन हजार जास्त मिळतात म्हणून. आणि आपण 'आजकालची पोरं टिकत नाहीत' म्हणत पुन्हा जाहिरात टाकतो: अनुभव किमान दोन वर्षं, फ्रेशर्सनी फोन करू नये.