साप वाढवायचा आहे की फुगवायचा?

‘सापाला दर तीन-चार दिवसांनी पोटभर खायला घाला. जितकं जास्त खाईल तितका झपाट्याने वाढेल. खात नसेल तर आजारी आहे समजा आणि बळजबरीने भरवा. जिवंत उंदीर दिला तर अंगात ताकद येते.’ बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक या परदेशी जातींचे साप पाळणाऱ्यांमध्ये या अर्थाचा मजकूर आणि रील्स सतत फिरत असतात. सांगणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो. गुटगुटीत बाळ म्हणजे सुदृढ बाळ, ही आपल्याकडची समजूत जुनीच आहे. सापाला ती लावायला गेलं की मात्र घोळ होतो.

‘दर तीन-चार दिवसांनी’पासून सुरुवात करू. आपल्या जेवणातला बराच भाग शरीर गरम ठेवण्यात खर्ची पडतो. सापाला तो खर्च नाही, ऊब तो बाहेरून घेतो. त्यामुळे त्याला लागतंच कमी. त्यातून अजगराच्या जातीचे साप तर दोन जेवणांच्या मधल्या उपवासासाठीच घडलेले. स्टीफन सेकोर आणि जॅरेड डायमंड या संशोधकांनी 1990च्या दशकात बर्मीज अजगरावर केलेलं काम यासाठी जरूर माहीत असावं. उपाशी अजगराचं आतडं आक्रसलेलं असतं. भक्ष्य पोटात गेलं की एक-दोन दिवसांत त्या आतड्याचं वजन दुपटीच्या आसपास जातं. चयापचयाचा वेग मोठ्या भक्ष्यानंतर चाळीस पटींहूनही वर जाऊ शकतो. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर 48 तासांत हृदयाचं वजन 40 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. पचन आटोपलं की हा सगळा पसारा पुन्हा आवरला जातो. कॉर्न स्नेक त्यामानाने वारंवार खाणारा, त्याच्यात ही चढउतार एवढी टोकाची नसते. पण बॉल पायथन अजगराच्याच कुळातला. त्याला दर तीन-चार दिवसांनी भरवणं म्हणजे आवराआवर व्हायच्या आतच पुन्हा पंगत बसवणं.

हेही मान्य करायला हवं की लहान वयात जास्त खायला घातलं तर साप खरंच लवकर वाढतो. या पद्धतीला ‘पॉवर फीडिंग’ म्हणतात आणि तिच्यामागे हिशोब आहे. बॉल पायथनची मादी साधारण दीड किलोची झाली की तिच्याकडून अंडी घेता येतात, आणि तो टप्पा जितका लवकर गाठावा तितकी ब्रीडरची कमाई लवकर सुरू. घरात एकच साप असलेल्या माणसाला त्या घाईचं काय करायचंय? बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने 2020 मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे असल्याचा अंदाज होता. एवढ्या लांब पल्ल्याच्या प्राण्याला पहिल्या दोन वर्षांत पळवून हाती काही लागत नाही. वाढ मंदावली की जास्तीचं खाणं हाडा-मांसाला लागत नाही. ते पोटाच्या मागच्या भागातल्या चरबीच्या गाठोड्यांत आणि शेवटी यकृतात साठतं. यकृत चरबीने भरलेला साप बाहेरून बरेच दिवस धडधाकट दिसतो, हीच त्यातली वाईट गोष्ट.

म्हणून आकडा बघण्याआधी साप बघा. बॉल पायथनची पाठ गोलसर त्रिकोणी दिसायला हवी. कणा हाताला लागावा, पण धारेसारखा वर येऊ नये. साप अंग वळवतो तेव्हा वळणाच्या आतल्या बाजूला वळ्या पडतात का, आणि जेवण पचून गेल्यावरही खवले एकमेकांपासून सुटून मधली कातडी दिसते का, ते पाहा. शेपटीच्या सुरुवातीलाही बघा. जाडजूड धडाला एकदम बारीक शेपूट जोडल्यासारखी वाटत असेल, तर जेवणं लांबवायची वेळ झाली.

वेळापत्रकच हवं असेल तर पाळणाऱ्यांमध्ये रुळलेला ठोकताळा असा आहे. बॉल पायथनच्या पिल्लाला त्याच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भक्ष्य, आठवड्यातून एकदा. म्हणजे 100 ग्रॅमच्या पिल्लाला 10 ते 15 ग्रॅमचा उंदीर. अर्धा किलोच्या पुढे गेला की टक्केवारी कमी करत आणि अंतर वाढवत जायचं. पूर्ण वाढलेल्याला वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास, तीन-चार आठवड्यांतून एकदा. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला पाच ते सात दिवसांनी एक पिंकी, म्हणजे केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू. मोठ्याला दहा ते चौदा दिवसांनी एक मोठा उंदीर. ‘पोटभर’ असं माप सापाच्या बाबतीत नसतंच. भक्ष्य त्याच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढं किंवा थोडं कमी असलं की पुरे.

‘खात नाही म्हणजे आजारी’ या समजुतीने सर्वांत जास्त नुकसान होतं. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ झालेले साप बहुतेकदा खात नाहीत. प्रौढ बॉल पायथन, विशेषतः नर, थंडीच्या आणि विणीच्या महिन्यांत कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने तोंड फिरवतो. वजन टिकून असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आधी तापमान तपासा. पेटीची गरम बाजू बॉल पायथनसाठी 31-32 अंशांच्या आसपास नसेल तर तो खाणं टाळू शकतो, आणि खाल्लंच तर ते नीट पचत नाही. लपायला घट्ट जागा आहे का? कौतुकाने दिवसातून पाच वेळा हातात घेणं चाललंय का? उत्तर बहुधा इथेच सापडतं. बळजबरीने भरवताना तोंडाला इजा होते, साप ओकतो, आणि पुढच्या वेळी भक्ष्य दिसताच आणखी बिथरतो. ते काम पशुवैद्याचं, तेही अगदी शेवटचा उपाय म्हणून.

जिवंत उंदराचा मुद्दा तर उलटाच आहे. कोंडलेला उंदीर चावतो, आणि साप भुकेला नसेल तर गप्प पडलेल्या सापाला कुरतडतोही. मेलेल्या उंदरात पोषण काही कमी नसतं. हाडं, यकृत, सगळं तेच. फ्रीजरमधला उंदीर रात्रभर फ्रीजमध्ये विरघळू द्यावा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवावा. मायक्रोवेव्ह नको, बाहेर शिजतो आणि आत गोठलेला राहतो. लांब चिमट्याने धरायचा आणि डोकं जरा जास्त ऊबदार ठेवायचं. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, त्याला तो उंदीर ‘दिसतो’. नंतर दोन दिवस सापाला हात लावायचा नाही.

‘लहान डब्यात ठेवला की लहानच राहतो’ ही थाप. साप डब्याच्या मापाने वाढत नाही, डब्यात हाल मात्र होतात. आणि दूध? नागपंचमी असो वा नसो, सापाला दूध पचत नाही.

हे सगळं परदेशी जातींबद्दल आहे. धामण, नाग किंवा आपला अजगर घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग त्याला कितीही वेळच्या वेळी खायला घाला. बॉल पायथनचीही 2024च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

खाणं ओकून टाकलं तर लगेच पुन्हा देऊ नका. दहा ते चौदा दिवस थांबा, पाणी ठेवा, तापमान पाहा आणि मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य द्या. पुन्हा ओकला, किंवा महिन्याच्या वजनात सलग घट दिसली, तर वजनांची वही घेऊन सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जा.