क्वीन, झेपेलिन आणि वाकडचा पूल

माझ्या सासरच्या मंडळींकडे भांडण्याजोगी मालमत्ता नाही, हे माझे दुर्दैव होय. एखाद्या शेताचा बांध किंवा वाड्यातली एखादी पडकी खोली असती, तर प्रकरण कोर्टात गेले असते आणि दोन तारखांच्या मधल्या काळात तरी घरात शांतता नांदली असती. त्याऐवजी माझे थोरले मेहुणे आणि माझे साडू यांच्यात वाद आहे तो इंग्लंडमधल्या दोन रॉक बँडांवरून. आणि तिघांचीही ऑफिसे हिंजवडीत असल्यामुळे, कोथरूडहून तिकडे निघणाऱ्या एकाच गाडीत त्याची सुनावणी रोज सकाळ-संध्याकाळ होते. गाडी माझी, पेट्रोल तिघांचे आणि डोकेदुखी पुन्हा माझी.

मेहुणे लेड झेपेलिनचे, साडू क्वीनचे. गाडीतल्या यंत्रणेवर एका वेळी एकाच फोनचे गाणे वाजते, म्हणून जो आधी येऊन बसेल त्याचे त्या फेरीपुरते राज्य, असा अलिखित करार आहे. मेहुण्यांचे राज्य असले की झेपेलिनचे १९७१ सालचे ‘स्टेअरवे टू हेवन’ लागते. आठ मिनिटांच्या या गाण्यात जॉन बॉनमचे ड्रम्स चार मिनिटे उलटून गेल्यावर येतात आणि तोवर मेहुणे डोळे मिटून, तर्जनी वर धरून, “थांबा… अजून नाही… थांबा…” असे पुटपुटत राहतात. चांदणी चौकात एकदा ते ऐकून मी खरोखरच ब्रेक दाबला होता. मागच्या टेंपोवाल्याने माझ्या वडिलांविषयी जे उद्गार काढले, त्यात ड्रम्स नेमके केव्हा आले ते मेहुण्यांना कळलेच नाही आणि गाणे पहिल्यापासून लावावे लागले.

साडूंचे राज्य असले तर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. हे गाणे पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे आहे, म्हणजे तुलनेने दिलासाच. परंतु मधल्या ऑपेराच्या भागात फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनी ध्वनिमुद्रणावर ध्वनिमुद्रण चढवून जो प्रचंड समूहस्वर उभा केला, तो साडू एकटे, सीटबेल्ट लावलेल्या अवस्थेत काढतात. तेवढ्या भागापुरत्या मी काचा वर घेतो.

वादाचे मूळ अर्थातच दोघांच्या आघाडीच्या गायकांत, म्हणजे क्वीनचा फ्रेडी आणि झेपेलिनचा रॉबर्ट प्लांट यांच्यात आहे. साडू मूळचे वाईचे असल्यामुळे फ्रेडीकडे ते पसरणी घाटाच्या वरच्या अंगाचा शेजारी म्हणून पाहतात. त्यात तथ्य नाही असे नाही. झांझिबारमध्ये १९४६ साली पारशी घराण्यात जन्मलेला हा फारूख बलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि ‘हेक्टिक्स’ नावाच्या शालेय बँडमध्ये पियानो वाजवत असे. “म्हणजे सातारा जिल्ह्याचाच की!” असे साडू म्हणाले की मेहुणे १९७२ साल काढतात. त्या वर्षी प्लांट आणि झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज मुंबईत आले होते, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबात ते वाजवूनही गेले. “वसतिगृहात राहून वरण-भात खाणे वेगळे आणि आपल्या वादकांबरोबर बसून काम करणे वेगळे,” असा मेहुण्यांचा निर्वाळा असतो. त्यावर साडू ‘काश्मीर’ हे गाणे पुढे करतात, कारण त्याचे शब्द प्लांटला सुचले ते दक्षिण मोरोक्कोच्या वाळवंटातून गाडीने जाताना आणि काश्मीर त्याने तोवर पाहिलेलेही नव्हते. “आपल्या सासूबाई तरी जाऊन आल्यात, दाल सरोवरात फोटो आहे त्यांचा!” हा मुद्दा मेहुण्यांना खोडता येत नाही, कारण साडूंच्या सासूबाई या त्यांच्या मातोश्री लागतात.

मग दोघेही एकदम आरशातून माझ्याकडे पाहतात. “दाजी, तुम्हीच सांगा!” असे मेहुणे म्हणतात आणि साडू घसा खाकरतात. एका बाजूला पत्नीचा भाऊ, दुसऱ्या बाजूला तिच्या बहिणीचा नवरा, आणि निकाल काहीही दिला तरी तो रात्रीच्या जेवणाआधी घरी पोहोचणार, हे ठाऊक असलेला माणूस सहसा रस्त्याकडे लक्ष असल्याचे भासवतो.

पण वाकडच्या पुलाखाली वाहतूक ठप्प झालेली असताना रस्त्याकडे लक्ष असल्याचे भासवता येत नाही. अशाच एका सकाळी मी बोललो. प्लांट हा उघड्या छातीचा, सोनेरी आयाळीचा, कमरेवर हात ठेवून उभा राहणारा राजबिंडा गडी. त्याचा आवाज पेजच्या गिटारीशी सवाल-जवाब करतो, म्हणजे गाणारा असूनही तो चार वाद्यांतले एक वाद्य होऊन राहतो. फ्रेडीचे लक्ष मात्र शेवटच्या रांगेतल्या माणसाकडे असते. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात माइकचा दांडा मोडला, तेव्हा उरलेला अर्धा तुकडाच त्याने कायमचे आयुध केला, आणि १३ जुलै १९८५ रोजी ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमात लंडनच्या वेंब्ली मैदानावर सुमारे ७२,००० लोकांना त्याने नुसत्या आलापीने आपल्यामागून गायला लावले. त्याच दिवशी त्याच कार्यक्रमासाठी अमेरिकेत फिलाडेल्फियात प्लांट, पेज आणि झेपेलिनचा बासवादक जोन्स अपुऱ्या सरावानिशी उभे राहिले आणि ते सादरीकरण इतके फसले की पुढे डीव्हीडीत घ्यायलाही त्यांनी नकार दिला. सबब, मैदान जिंकायचे तर फ्रेडी. पण चौघांनी मिळून वाजवलेले कान देऊन ऐकायचे, तर झेपेलिन.

हा निकाल दोघांनाही मान्य झाला नाही. मेहुण्यांच्या मते १९८० मध्ये बॉनम गेला आणि झेपेलिन तिथेच थांबले, त्यामुळे फिलाडेल्फियात जे घडले ते झेपेलिन नव्हतेच. शिवाय बॉनमवाचून थांबण्याची चाड त्यांना होती, फ्रेडीच्या मागे दुसरे गायक घेऊन दौरे काढणाऱ्यांना ती नाही. साडूंच्या मते ब्रायन मेने वडिलांच्या मदतीने घरी गिटार बनवली आणि पुढे खगोलभौतिकीत डॉक्टरेटही मिळवली, हे मी जाणूनबुजून दडपले. त्या दिवशी हिंजवडीपर्यंत कोणीही बोलले नाही आणि इतका सुखाचा प्रवास पुन्हा झालेला नाही.

शेवटी मी सलोख्याचा मार्ग काढला. केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांच्या चाहत्यांत काय कमी चुरस होती? तरी १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी दोघे मुंबईत एकाच ‘मानापमाना’त उभे राहिले. तसेच फ्रेडी गेल्यावर, २० एप्रिल १९९२ रोजी वेंब्लीवर त्याच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात साक्षात प्लांट क्वीनबरोबर ‘इन्युएन्डो’ गायला, हे मी सांगितले. गाडीत क्षणभर समाधान पसरले. मग साडूंना आठवले की प्लांट त्यातल्या काही ओळी विसरला होता आणि ते गाणे त्याच्याच विनंतीवरून डीव्हीडीतून वगळण्यात आले.

“पाठ करायला नको होतं का?” साडू म्हणाले.

“पाठ राहण्यासारखं असतं तर राहिलं असतं,” मेहुणे म्हणाले, आणि दोघांनी पुन्हा आरशातून माझ्याकडे पाहिले.