खरा फुटबॉल म्हणे!

आज दुपारी एका जुन्या मित्राचा मेसेज आला. "शनिवारची दोन तिकिटं आहेत. प्रीमियर लीग, कंपनीच्या बॉक्समधली. ये. एकदा तरी खरा फुटबॉल बघ!" पुढे तीन हसणारे चेहरे.

हेतू चांगला होता, कळतं मला. पण त्या 'खरा' शब्दाने जे डोकं फिरलंय ते संध्याकाळ झाली तरी जागेवर यायला तयार नाही. म्हणून हे लिहितोय. लांबण लागणार आहे, कंटाळा असेल त्यांनी खुशाल पुढे सरका.

नव्यांसाठी सांगतो, मी एएफसी विम्बल्डनवाला, म्हणजे लंडनच्या एका छोट्या फुटबॉल क्लबचा चाहता. (टेनिसशी संबंध नाही. दर जूनमध्ये कोणीतरी विचारतंच.)

2011 चा हिवाळा. लंडनला येऊन चार महिने झाले होते आणि ऑफिस सोडलं तर माझ्याशी बोलणारा माणूस म्हणजे घरमालक, तोही भाड्यापुरता. एका मंगळवारी संध्याकाळी बसमधून फ्लडलाइट दिसले म्हणून उतरलो. किंग्समेडोचं मैदान, पाचव्या पायरीवरची लीग, गोलमागे उभं राहून मॅच बघायची जागा. पाऊस भुरभुरत होता. शेजारी सत्तरीचे एक आजोबा, निळा-पिवळा मफलर. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तिथे उभा राहू नकोस, तिथून कॉर्नर दिसत नाही." स्वतः अर्धं पाऊल सरकले, मला पुढे घेतलं आणि माझा हात समोरच्या लोखंडी बारवर ठेवला. "गोल झाला की आधी हा सांगेल." म्हटलं, म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला दिसतोय.

हाफटाइमला थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला आणि विचारल्याशिवाय सगळी कथा सांगितली. ती तुम्हालाही सांगतो, कारण 'खरा फुटबॉल' म्हणणाऱ्यांना ती ठाऊक नसते.

जुना विम्बल्डन क्लब 1988 मध्ये लिव्हरपूलला 1-0 हरवून एफए कप जिंकला होता. 1991 मध्ये त्यांचं प्लाऊ लेन मैदान सुटलं (आपल्या भाषेत नांगर गल्ली) आणि दशकभर ते क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर भाडेकरू म्हणून राहिले. मग मालकांच्या डोक्यात आलं, क्लब उचलायचा आणि मिल्टन कीन्सला न्यायचा. साधारण 90 किलोमीटर लांब! 28 मे 2002 ला एफएने (इंग्लंडची फुटबॉल संघटना) नेमलेल्या तीन जणांच्या समितीने दोन विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली. वर लिहून ठेवलं की चाहत्यांनी नवा क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही.

व्यापक हित! अरे, पिढ्यान्‌पिढ्या पावसात भिजलेल्या माणसांना तुम्ही सांगणार हित कशात आहे ते? हा शब्द दिसला की अजून माझं रक्त तापतं, आणि मी तर तेव्हा शाळेतून नुकता बाहेर पडलो होतो, विम्बल्डन नकाशात दाखवता आलं नसतं. आज मित्राच्या मेसेजमध्ये मला तोच वास आला. खरं काय, हिताचं काय, हे वरचे ठरवणार. आपण बॉक्समध्ये बसून टाळ्या वाजवायच्या.

चाहत्यांनी काय केलं? स्वतःचा नवा क्लब काढला, तोच एएफसी विम्बल्डन. महिन्याभरात, 29 जूनला, विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळाच्या गवतावर खेळाडूंची निवड चाचणी ठेवली. दोनशेच्या वर पोरं आली. आजोबा सँडविच घेऊन बघायला गेले होते. म्हणाले, "निम्म्यांना बॉल अडवता येत नव्हता, आणि मी वेड्यासारखा रडत होतो." पहिल्या सीझनला कम्बाइन्ड काउंटीज या अगदी खालच्या पायरीवरच्या लीगमध्ये 111 गुण मिळवून हे तिसरे. एकशे अकरा! आणि वरच्या लीगमध्ये बढती नाही. पुढचा सीझन लीगची एकही मॅच न हरता संपवला, आणि आधीपासून सुरू असलेली ती मालिका लीगच्या 78 सामन्यांपर्यंत गेली. 2011 पर्यंत नऊ सीझनमध्ये पाच बढत्या.

यातली पाचवी मी बघितली. मे 2011, मँचेस्टर, ल्यूटनविरुद्ध फायनल, 0-0, पेनल्टी. आमच्या गोलमध्ये सेब ब्राउन, जो स्वतः लहानपणापासून विम्बल्डनचा चाहता. त्याने दोन पेनल्टी अडवल्या. 4-3. आजोबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता. तिथे समोर लोखंडी बार नव्हता ना, मग मीच बार झालो. मंगळवारी बसमधून उगाच उतरलेला माणूस तीन महिन्यांत चौथ्या पायरीवर, फुटबॉल लीगमध्ये! ऑफिसात कोणाला सांगू, कळेना. सांगितलं तर म्हणाले, "चौथी डिव्हिजन? छान."

आता तुम्ही म्हणाल, तिकडचा खेळ जास्त चांगला असतो. असतो. मान्य. पुढे?

हेही मान्य करतो की आमचे हात काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. किंग्समेडो मुळात किंग्स्टोनियन या छोट्या क्लबचं घर. ते आम्ही विकत घेतलं, त्यांना भाडेकरू केलं आणि स्वतःचं मैदान बांधायला ते चेल्सीला विकलं. 2017 मध्ये किंग्स्टोनियनला बाहेर पडावं लागलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. आजोबांकडेही नाही, हा विषय काढला की ते थर्मासचं झाकण लावतात.

आणि चाहत्यांचा क्लब म्हणजे नेहमी वरच चढतो असंही नाही. ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड घेतल्यावर 2005 मध्ये तिथल्या चाहत्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर काढला. एक सभासद, एक मत. 2015 मध्ये स्वतःचं मैदान उभं केलं, 2019 मध्ये खाली घसरले. म्हणून त्यांनी काय दुकान बंद केलं? आम्हीही 2022 मध्ये लीग वनमधून (नावात वन, पण पायरी तिसरी) खाली आलो. त्या रात्री आजोबांना फोन केला तर म्हणाले, "कॉमनवरून पाहिलं तर अजून उंचच आहोत."

मतावरून आठवलं. आमच्याकडेही डॉन्स ट्रस्टच्या, म्हणजे क्लब चालवणाऱ्या चाहत्यांच्या संस्थेच्या, सभासदाला एक मत असतं. वर्गणी भरायची, मीटिंगला जायचं. हुबेहूब सोसायटीची एजीएम. एकजण माइक सोडत नाही, एकजण जुनं मिनिट्सबुक उघडून बसतो, मागचा ओरडतो "मुद्द्यावर या". कित्येकदा वैतागून अर्ध्यातून उठलोय. पण 2020 च्या सुरुवातीला नव्या स्टेडियमसाठी पैसे कमी पडले तेव्हा याच भांडकुदळ मंडळींनी बॉन्ड घेऊन 50 लाख पौंडांच्या वर उभे केले. माझेही थोडे होते. बायकोला रक्कम नंतर सांगितली. (हो, ती हे वाचते आहे.)

मिल्टन कीन्सला नेलेल्या त्या दुसऱ्या क्लबचं नाव मी इथे लिहिणार नाही. डिसेंबर 2012 मध्ये एफए कपमध्ये पहिल्यांदा गाठ पडली आणि अगदी शेवटी टाचेने ढकललेल्या गोलवर 2-1 हरलो. आजोबा आलेच नाहीत. म्हणाले, "माझा क्लब चोरणाऱ्याच्या घरी जेवायला जाऊ?" मी टीव्हीवर बघितली आणि त्यांना सांगितलं नाही. आज इथे कबूल करतो, ते फेसबुकवर नाहीत.

खरं सांगायचं तर लिहिता लिहिता राग बराच उतरलाय.

3 नोव्हेंबर 2020. प्लाऊ लेनवर, जुन्या मैदानापासून चालत काही मिनिटांवर बांधलेल्या नव्या स्टेडियममध्ये, पहिली मॅच. डॉनकास्टरशी 2-2. एकोणतीस वर्षांनी घरी, आणि कोविडमुळे आत एक प्रेक्षक नाही. मी घरी लॅपटॉपसमोर. आजोबा मफलर घालून बाहेरच्या रस्त्यावर जाऊन उभे. गोल झाल्यावर त्यांनी मला एक फोटो पाठवला. फोटोत फक्त विटांची भिंत आणि वर दिव्याचा उजेड. खाली लिहिलेलं, "इथूनही कॉर्नर दिसत नाही."

हा फोटो मी अजून ठेवलाय. त्या बॉक्सची काच कितीही स्वच्छ असली तरी, मित्रा, मला तिथून काय दिसणार आहे?

सप्टेंबर 2024 मध्ये पुराचं पाणी शिरून मैदान जागोजागी खचलं. न्यूकॅसलविरुद्धची कपची मॅच इथे ठरलेली, ती त्यांच्याच मैदानावर हलवावी लागली. त्या आठवड्यात आजोबांनी तीनदा फोन केला, गवताची चौकशी करायला, घरातलं कोणी आजारी असल्यासारखी. त्याच सीझनच्या शेवटी, मे 2025 मध्ये, वेम्बलीवर वॉल्सॉलला 1-0 हरवून आम्ही परत लीग वनमध्ये. आजोबांना आता जिने झेपत नाहीत, त्यामुळे आम्ही बसून मॅच बघतो. समोर रेलिंग आहे, नवंकोरं. गोल झाला की ते त्यावर हात ठेवतात आणि तोंड वाकडं करतात. वाजत नाही म्हणे.

मित्राला चार ओळींचं खरमरीत उत्तर टाइप केलं होतं. खोडलं. लिहिलं, "या शनिवारी नाही जमणार. त्यापेक्षा पुढच्या शनिवारी तू इकडे ये, तिकीट माझ्याकडून."

अर्धा तास काही नाही. मग, "कुठे उतरायचं?"

"हेडन्स रोड. जाड मोजे घाल."

आजोबांना फोन करून सांगितलं, एक नवा माणूस आणतोय. त्यांनी क्लब विचारला नाही, देश विचारला नाही.

"उंच आहे का?" म्हणाले. "असेल तर मागच्या रांगेत बसव."