खंडणी कसली, नियम तुमचाच होता ना

दोन दिवस झाले एकच मेसेज फिरतोय, की अमेरिकेत वकिलांनी डिलिव्हरीवाल्यांच्या नावावर कंपन्या लुटायचा धंदा काढलाय, लवादाचे (म्हणजे कोर्टाबाहेर खासगी पंचापुढे चालणारे, ज्यात केसमागे कंपनीलाही फी भरावी लागते) हजारो दावे एकदम टाकायचे, फी भरून कंपनी बेजार झाली की मांडवली. मास आर्बिट्रेशन म्हणजे खंडणी म्हणे. बरं, मेसेजमधलेच मुद्दे घेऊ.

"सगळ्यांनी मिळून कोर्टात एकच केस करावी ना." अहो, करूच देत नाहीत! आपण न वाचता 'आय ॲग्री' दाबतो त्यातच असतं, कोर्टात जायचं नाही, एकत्र यायचं नाही, तक्रार असेल तर एकेकट्याने लवादाकडे या. २०११ मध्ये एटी अँड टी मोबिलिटीच्या केसमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने हे चालतं म्हणून सांगितलं, आणि तो वाद होता ३० डॉलर २२ सेंटचा. एवढ्यासाठी कोण एकटा भांडत बसणार? कंपन्यांचा हिशोबच तो होता. २०१८ मध्ये कामगारांच्या करारांनाही तेच लागू झालं.

"फी वकिलांनी लादली." इथे तर हसूच येतं. डोअरडॅश या घरपोच जेवण पोचवणाऱ्या ॲपने स्वतःच्या करारात अमेरिकन आर्बिट्रेशन असोसिएशन या लवाद चालवणाऱ्या संस्थेचं नाव घातलेलं, हजारो डिलिव्हरीवाले सांगितल्याप्रमाणे तिकडे गेले, आपल्या वाट्याची फी भरली, तर केसमागे १९०० डॉलर हा आपला वाटा द्यायला कंपनीच तयार नाही, मग असोसिएशनने फायली बंद केल्या आणि लोक कोर्टात गेले. तिथे कंपनी म्हणते काय, तर एका सामूहिक दाव्यात मिटवू द्या! म्हणजे जे दार स्वतः लावून घेतलं तेच आता उघडा. फेब्रुवारी २०२० मध्ये जज विल्यम अल्सप यांनी ५,०१० जणांचे लवाद चालवायचा आदेश दिला, नुसती फी साधारण ९५ लाख डॉलर, आणि कंपनीचा हा दुटप्पीपणा आहे असं निकालात लिहून टाकलं.

"पैसे वकीलच खातात." फुकट कोणीच करत नाही, मान्य. पण २०१९ मध्ये उबरने सांगितलेला आकडा बघा, ६०,०००च्या वर ड्रायव्हरांचे दावे, त्यातल्या बहुतेकांची तडजोड आणि वकिलांची फी धरून १४.६ ते १७ कोटी डॉलर. एकेकटे गेले असते तर त्यातल्या कितीजणांना छदाम मिळाला असता?

"वकिलांच्या दावेदारांच्या याद्या बोगस असतात." यात तथ्य आहे, उगाच नाही म्हणणार नाही. सॅमसंगच्या केसमध्ये यादीत मेलेल्यांचीही नावं निघाली, आणि २०२४ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की नुसती नावांची यादी पुरत नाही, प्रत्येकाचा करार होता हे दाखवा. बरोबरच केलं.

राहिलं "कंपन्या बिचाऱ्या अडकल्यात." कुठे अडकल्यात? ॲलेक्सा या बोलून चालणाऱ्या उपकरणावरून ७५,००० दावे आल्यावर ॲमेझॉनने २०२१ मध्ये करारातलं लवादाचं कलमच काढून टाकलं, म्हणाले, आता कोर्टातच या. कार्यक्रमांची तिकिटं विकणाऱ्या तिकीटमास्टरवाल्या लाइव्ह नेशनने मात्र दुसरीच लवाद कंपनी गाठली, जिथे मोजक्या केसचा निकाल बाकी सगळ्यांवर लादता येईल, त्या बाकीच्यांना स्वतःची बाजू मांडायची संधीच नाही. २०२४ मध्ये अपील कोर्टाने तेही उडवलं.